हात लावला तर त्वचा नॉर्मल, पण आतून गरम वाटतं (आणि कधी गारही) - कुणाला असा अनुभव आहे का?

इंदिरानगरची | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस फक्त वाचत होते, आज स्वतःसाठी धागा काढतेय.

वय ४३, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. दिवाळीनंतर एक विचित्र प्रकार सुरू झालाय. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला साधारण तळहाताएवढ्या जागेवर अचानक गरम वाटतं, म्हणजे कुणीतरी चहाचा गरम कप टेकवलाय असं, पाच-दहा सेकंद राहतं आणि जातं. पहिल्यांदा झालं तेव्हा मला खरंच वाटलं काहीतरी सांडलं, मी उठून ड्रेस बघितला. कोरडा. हात लावून बघितलं तर त्वचा अगदी बाकीसारखीच, लाल नाही, पुरळ नाही, काही नाही. दिवसातून दहा-पंधरा वेळा होतं, उभं राहिलं की जास्त. गेल्या आठवड्यात एकदा तिथेच गार वाटलं, ओलं फडकं ठेवल्यासारखं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणतो उष्णता, आई म्हणते पित्त. नेटवर शोधलं आणि इतकं भयंकर काहीबाही वाचलं की रात्री झोप लागली नाही. दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे काय म्हणून जायचं तेही कळत नाहीये. कुणाला असं झालंय का?

काशाची_वाटी | ९ डिसेंबर, रात्री ११:०५

उष्णताच असणार. माझ्या तळपायांची इतकी आग व्हायची की रात्री पांघरुणाबाहेर पाय काढून झोपायचे. सासूबाई तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासून द्यायच्या, वाटी काळी पडेपर्यंत, आणि काय शांत झोप लागायची म्हणून सांगू. सब्जा घे, गुलकंद घे, लोणचं बंद कर.

निफाडची_थंडी | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

आमच्याकडे पारा एक आकडी झालाय, बागेत शेकोट्या पेटवून बसलोय द्राक्षाला थंडी बाधू नये म्हणून. या दिवसात हातपाय बर्फ होतात ते समजू शकतो पण ताई तुमचं एकाच जागी होतंय ते वेगळं वाटतं. दाखवून घ्या.

भौतिक_मास्तर | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

धागाकर्तीने एक गोष्ट फार चांगली केली, ती म्हणजे हात लावून बघितलं. "गरम वाटतंय" आणि "गरम आहे" या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुतेक वेळा त्यांची गल्लत करतो. मी डॉक्टर नाही, विज्ञान शिकवतो, तेव्हा तेवढंच सांगतो.

त्वचा म्हणजे थर्मामीटर नव्हे. ती तापमान मोजण्यापेक्षा तापमानातला बदल आणि उष्णता किती वेगाने येते-जाते ते जास्त ओळखते. आत्ता सकाळी देवघरात जा, लाकडी पाटाला हात लावा, मग पितळी समईला. समई गार लागेल. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत आहेत, दोघांचं तापमान सारखंच, फक्त पितळ तुमच्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतं. दुसरा प्रयोग मी दरवर्षी सातवीच्या पोरांकडून करून घेतो. तीन घमेली घ्यायची, एकात गार पाणी, एकात सोसेल इतकं गरम, मधल्यात कोमट. एक हात गार पाण्यात, एक गरम पाण्यात, मिनिटभर थांबायचं आणि मग दोन्ही हात मधल्या घमेल्यात. एक हात म्हणतो पाणी गरम आहे, दुसरा म्हणतो गार आहे. पाणी तेच! इंग्लंडच्या जॉन लॉकने ही गोष्ट १६९० मध्ये लिहून ठेवलीय, आणि तरी प्रत्येक वर्षी पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणखी एक. मिरच्या कांडल्यावर हातांची आग होते ना, तेव्हा हाताचं तापमान फारसं वाढलेलं नसतं. मिरचीतला तिखट पदार्थ त्वचेतल्या ज्या रिसेप्टरला चिकटतो तोच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या वर खऱ्या उष्णतेने उघडतो, म्हणून मेंदूला "भाजतंय" असाच निरोप जातो. बाम लावल्यावर गार वाटतं तेही तसंच, मेंथॉल थंडीच्या रिसेप्टरला जागं करतं. याच रिसेप्टरांच्या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापौटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा हा की निरोप वाटेत कुठेही तयार होऊ शकतो, त्वचेतच आग असली पाहिजे असं नाही. वायर मधेच चिमटली तरी दिवा लुकलुकतो.

तर ताई, पुढच्या वेळी झालं की हाताच्या मागच्या बाजूने बघा, बोटांच्या टोकांनी नको, आणि दोन्ही मांड्या बघा, एकच नाही. उजवी-डावी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

स्टेथो | १० डिसेंबर, दुपारी २:३०

मास्तर, उत्तम. वायर चिमटल्याचं तुमचं उदाहरण इथे बहुतेक शब्दशः लागू आहे.

इंदिरानगरची, मी फिजिशियन आहे, इथे निदान करत नाही, फक्त विचारतो. वजन वाढलंय का अलीकडे? घट्ट जीन्स? कमरेला पट्टा लावता का? तेवढ्या भागात बधिरपणा आहे का, म्हणजे नखाने ओरखडलं तर दुसऱ्या मांडीपेक्षा कमी कळतं का? पायातली ताकद ठीक आहे ना, जिना चढताना गुडघा दुमडत नाही ना?

इंदिरानगरची | १० डिसेंबर, रात्री ९:२०

डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं!! दिवाळीच्या साफसफाईत कंबर धरली होती, तेव्हापासून मेडिकलमधून आणलेला रुंद पट्टा लावतेय, ऑफिसमध्ये बसताना तर आवळून. ओरखडून बघितलं, हो, तिथे थोडं जाड-जाड लागतं, मोज्यावरून हात फिरवल्यासारखं. ताकद ठीक आहे.

स्टेथो | १० डिसेंबर, रात्री १०:१०

मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना पुरवणारी एक नस आहे, ती कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाजवळून, जांघेतल्या लिगामेंटखालून (हाडांना बांधणाऱ्या चिवट दोरीखालून) मांडीत उतरते. तिथे ती दाबली गेली की मांडीच्या त्याच भागात जळजळ, गरम पाणी सांडल्यासारखं, कधी गार, कधी फोन व्हायब्रेट झाल्यासारखं, कधी नुसता बधिरपणा. याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. ही नस फक्त संवेदनेची आहे, स्नायूंना जात नाही, म्हणून ताकद शाबूत राहते, ताकद कमी वाटली तर मात्र प्रकरण निराळं, मग मणक्याकडे बघावं लागतं. पट्टे, घट्ट कपडे, वाढलेलं पोट, गरोदरपण, ही नेहमीची कारणं. दाब काढला की बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतं.

पट्टा काढा, पण प्रत्यक्ष तपासून घ्या, आणि शुगर, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड एकदा करून टाका. शाकाहारी माणसात बी-ट्वेल्व्ह कमी असणं आपल्याकडे खूप बघतो आणि ती कमतरता नसांवर चुपचाप काम करत असते.

काशाची_वाटी, आजी (आजी म्हणतोय, चालेल ना?), वाटीने बरं वाटतं ते खरंच आहे, घासल्याचा स्पर्श आगीचा निरोप दाबून टाकतो. पण तळपायांची आग रोज रात्री होत असेल तर तिला नुसती उष्णता म्हणू नका. शुगर कधी तपासली होती?

काशाची_वाटी | ११ डिसेंबर, सकाळी ८:००

आजी चालेल बाळा. शुगर तीन वर्षांपूर्वी बघितली होती. बघते परत.

पॅकहाउसवाली | ११ डिसेंबर, रात्री ८:४५

माझं उलट आहे म्हणून लिहिते. मी पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करते, सीझनला जानेवारी ते एप्रिल. माल प्रीकूलिंगला जातो तिथे शून्याच्या आसपास टेंपरेचर असतं. दोन सीझन झाले माझी बोटं अचानक पांढरी पडतात, खडूसारखी, दोन पेरांपर्यंत, तिथे अशी रेघच दिसते, मग जांभळी निळी होतात आणि बाहेर आल्यावर लाल होऊन ठणकतात. बाकीच्या बायकांना गार लागतं पण असं नाही होत. आता तर घरी फ्रीजमधून दूध काढलं तरी होतं. मुकादम म्हणतो रक्त कमी असेल. रक्त ११ आहे.

स्टेथो | ११ डिसेंबर, रात्री ११:३०

तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की माझं अर्धं काम झालं. पांढरी, निळी, लाल, आणि मधे स्पष्ट रेघ, हे रेनॉड. मॉरिस रेनॉड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात हे लिहिलं. थंडीने सगळ्यांच्याच बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, शरीर आतली ऊब वाचवत असतं. तुमच्या वाहिन्या गरजेपेक्षा फार जोरात आवळतात. इथे बोटं नुसती गार "वाटत" नाहीत, खरोखर गार पडतात, हा तुमच्यात आणि धागाकर्तीत फरक.

बहुतेक तरुण बायकांत हे एकटंच असतं, मागे दुसरा आजार नसतो, धोक्याचं नसतं. पण बोटांची कातडी ताठ होणं, बोटांच्या टोकाला जखमा, सांधे सुजणं, तोंड कोरडं पडणं, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे, यातलं काही असेल किंवा हे पस्तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरला दाखवून एएनए ही रक्ताची तपासणी करायला हवी. बीपी, धडधड किंवा मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर तीही याला वाढवते, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा.

कामावर फक्त हातमोजे पुरत नाहीत. छाती-पोट गरम असेल तर शरीर हातांकडे रक्त सोडतं, म्हणून आतून स्वेटर, डोक्याला स्कार्फ, कोरडे मोजे. बोटं पांढरी पडली की कडक गरम पाण्यात घालू नका, कोमट पाणी किंवा काखेत धरा.

रात्रपाळी_अंबड | १२ डिसेंबर, सकाळी ७:१०

वरचं वाचून दचकलो. अंबडला फॅब्रिकेशनमध्ये १४ वर्षं ग्राइंडर चालवतोय. थंडीत उजव्या हाताची मधली दोन बोटं पांढरी पडतात, मला वाटायचं वयानुसार.

स्टेथो | १२ डिसेंबर, दुपारी १:५०

वयानुसार नाही. व्हायब्रेशनच्या हत्यारांनी अगदी हेच होतं, बोटांच्या वाहिन्या आणि नसा दोन्हींना इजा होते, आणि काम तसंच चालू राहिलं तर बारीक खिळा उचलता येत नाही इथपर्यंत जातं. कंपनीच्या डॉक्टरकडे लेखी नोंद करा. ग्राइंडर सलग चालवू नका, मधे थांबा, घट्ट आवळून धरू नका, आणि सिगारेट असेल तर आजपासून सोडा, निकोटिन त्याच वाहिन्या आवळतं.

चाळिशीपार | १२ डिसेंबर, दुपारी ४:२५

मला छातीपासून वर कानापर्यंत एकदम भट्टी पेटल्यासारखं होतं, घाम फुटतो आणि दोन-तीन मिनिटांनी हुडहुडी भरते. आरशात बघितलं तर चेहरा खरंच लाल असतो. डॉक्टर म्हणाल्या पाळी जायच्या आधीचे हॉट फ्लॅशेस. मेंदूतला थर्मोस्टॅट इस्ट्रोजेन कमी झाल्यावर फार हळवा होतो, अंगातलं तापमान जरासं वर गेलं तरी त्याला वाटतं फार झालं, आणि तो त्वचेकडे रक्त सोडून उष्णता बाहेर टाकायला लागतो. हे समजल्यावर निम्मी भीती गेली माझी. ऑफिसात पंख्याखालची जागा मागून घेतली, लाजले नाही.

दिंडोरी_फेरी | १३ डिसेंबर, रात्री ८:३०

मी आशा कार्यकर्ती आहे, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर गरम-गार कळत नसेल, घाम येत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. आम्ही शोधमोहिमेत घरोघर हेच विचारतो. लोक लपवतात हो, लाजेपायी. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवतात आणि मग बोटं वाकडी झाल्यावर येतात. स्पर्श कळेनासा व्हायच्या आधी बऱ्याचदा गरम-गार कळेनासं होतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने नाहीतर वर्षभर, आणि माणूस पूर्ण बरा होतो. चुलीवर हात भाजला आणि कळलंच नाही असं कुणी म्हणालं तर मी त्या बाईला तिथल्या तिथे उठवून पीएचसीत नेते.

निफाडची_थंडी | १३ डिसेंबर, रात्री ९:००

ताई तुमच्यासारख्यांमुळे गावं उभी आहेत. मनापासून.

इंदिरानगरची | १७ डिसेंबर, रात्री १०:५५

अपडेट. पट्टा काढून सात दिवस झाले, गरम वाटणं दिवसाला चार-पाच वेळांवर आलंय. तपासून घेतलं, डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं. शुगर ठीक, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, गोळ्या चालू.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. मास्तरांचं वाचल्यापासून मी घरात सगळ्यांना हाताच्या मागच्या बाजूने बघत सुटलेय. आज सासऱ्यांचे पाय बघितले. बाबा ७१ वर्षांचे, शुगर १८ वर्षांपासून. डावं पाऊल गार, या थंडीत असतं तसं. उजवं पाऊल चक्क गरम. वरचा भाग जरा सुजलेला, किंचित लाल. बाबा म्हणतात काही दुखत नाही, तीन आठवड्यांपूर्वी रामकुंडावर पायरीवरून पाय घसरला होता तेवढंच, आणि तेव्हापासून उजवी चप्पल घट्ट होते. रोज तीन किलोमीटर चालतायत त्याच पायावर. जखम नाही, ताप नाही. कोरोनात घेतलेली तापाची गन आहे, तिने मोजू का?

स्टेथो | १७ डिसेंबर, रात्री ११:०५

मोजा. बाबांना आत्ताच्या आत्ता चालणं बंद करायला सांगा, बाथरूमला जातानासुद्धा आधार द्या. पंधरा मिनिटं दोन्ही पाय उघडे ठेवून एकाच खोलीत बसवा, हीटर-शेक काही नको, गन सरफेस मोडवर ठेवा, बॉडी मोडवर ती स्वतःचं गणित करून आकडा दाखवते. दोन्ही पावलांवर अगदी त्याच जागी.

इंदिरानगरची | १७ डिसेंबर, रात्री ११:३५

डावं ३०.२, उजवं ३३.४. तीनदा घेतलं, जवळपास तेच.

स्टेथो | १७ डिसेंबर, रात्री ११:४५

तीन अंशांचा फरक. दोन्ही पावलांत एकाच जागी दोन अंशांहून जास्त फरक आला की मधुमेही माणसात आम्ही कान टवकारतो. पिंडरी सुजली असेल तर वाहिनीत गुठळी बघावी लागते, जखम-ताप असेल तर जंतुसंसर्ग. हे दोन्ही नसेल आणि पायाची संवेदना गेलेली असेल तर शार्को फूट, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तेच समजायचं. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा मरतात, छोटीशी मोड किंवा मुरगळ कळत नाही, माणूस त्यावर चालत राहतो, आत हाडं विरघळत-तुटत जातात आणि पायाची कमान खाली बसते. न दुखणं हीच यातली घातक गोष्ट. उद्या सकाळी दाखवा, आणि सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो हे लक्षात ठेवा.

इंदिरानगरची | १८ डिसेंबर, रात्री ९:१५

सकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. एक्स-रे नॉर्मल आला, ते म्हणाले मुरगळलाय, आठवडाभर गोळ्या आणि गरम पाण्याचा शेक. मी म्हटलं डॉक्टर, ३.२ अंशांचा फरक आहे, तर त्यांनी आकड्याकडे बघितलंही नाही. मी रडकुंडीला आले होते. शेक दिला नाही. उद्या डायबेटिक फूट बघणाऱ्या सर्जनची वेळ मिळालीय.

स्टेथो | १८ डिसेंबर, रात्री ९:४०

शेक अजिबात नको. ज्या पायाला गरम कळत नाही त्याला शेकाने फोड येतात आणि ते दुसऱ्या दिवशी चादरीला डाग पडल्यावर कळतात. अंघोळीचं पाणीही त्यांनी पायाने बघायचं नाही, तुम्ही कोपराने बघून द्या. तुम्ही ठाम राहिलात ते बरोबर केलंत.

इंदिरानगरची | २१ डिसेंबर, रात्री १०:२०

एमआरआय झाला. पावलाच्या मधल्या हाडांत सूज आणि एक बारीक मोड, कमान अजून शाबूत आहे. शार्कोच. गुडघ्याखाली पूर्ण प्लास्टर घातलंय, दर आठवड्याला बदलायचं, किमान तीन महिने. सर्जन म्हणाले अजून महिनाभर चालले असते तर पाऊल होडीच्या तळासारखं झालं असतं. बाबा अजून म्हणतात, "अगं पण दुखत नाहीये." त्यांना समजावून सांगताना माझाच आवाज फुटला.

काशाची_वाटी | २२ डिसेंबर, सकाळी ७:३०

पोरी, तुझा धागा वाचून शुगर केली. उपाशीपोटी १९४. गोळी सुरू झाली. वाटी आता हलक्या हाताने, आणि आधी सुनेला पाय बघायला लावते, कुठे भेग-जखम आहे का म्हणून.

पॅकहाउसवाली | ९ जानेवारी, रात्री ८:००

एएनए निगेटिव्ह आली!! मुकादमाला सांगून प्रीकूलिंगऐवजी कटिंगच्या टेबलावर काम घेतलं. आतून स्वेटर घालते. या आठवड्यात फक्त एकदा बोटं पांढरी झाली.

भौतिक_मास्तर | ९ जानेवारी, रात्री ९:३०

फार बरं वाटलं वाचून. इंदिरानगरची, बाबांचे आकडे टाकत राहा, मी वहीत लिहून ठेवतोय.

इंदिरानगरची | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मास्तर, घ्या लिहून. प्लास्टर बदलताना दर वेळी सर्जन दोन्ही पावलांचं तापमान मोजतात. फरक ३.२ वरून २.७, मग २.४, मधे एकदा परत २.८ (त्या आठवड्यात बाबा लपून गॅलरीपर्यंत चालत गेले होते, कबूल केलं त्यांनी), मग २.१, १.७, आणि आज १.४. फरक दोनच्या खाली बरेच आठवडे टिकला आणि एक्स-रेत हाडं जुळलेली दिसली तरच प्लास्टर निघेल, मग मापाचे बूट. रामकुंडावर कधी जाता येईल हे ते प्रत्येक वेळी विचारतात आणि सर्जन प्रत्येक वेळी त्यांना पावलाचा एक्स-रे काढून दाखवतात.

माझी मांडी आठवड्यातून दोनदा वगैरे. कंबरेसाठी पट्ट्याऐवजी व्यायाम करतेय.

पुढचं प्लास्टर बुधवारी. आकडा टाकते.